भेगेवरची काच

मावशीच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीला छतापासून ओट्यापर्यंत भेग गेली आहे, आणि त्या भेगेवर बोटभर रुंदीची एक काच आडवी चिकटवलेली आहे. घराखाली सोन्याच्या खाणीचे जुने बोगदे आहेत. खाण बंद पडली, बोगद्यांत पाणी भरलं आणि वर वसाहतीतल्या भिंती तडकू लागल्या. सगळ्यांनी मिळून सरकारकडे तक्रार केली, दुसरीकडे घरं मागितली. मग एक साहेब आले आणि त्यांनी ही काच चिकटवली. "जमीन हलली की काच तडकेल. तडकली की कळवा," एवढं सांगून ते गेले.

तेव्हापासून या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मावशी गॅस बारीक करते. मी आल्या आल्या सवयीने दार ओढलं, तर ती दबक्या आवाजातच ओरडली, "हळू गं बाई!" आणि आधी काच बघायला धावली.

भीती यांच्याकडे होतीच. सरकारने तिला बसायला एक जागा करून दिली, इतकंच. आता सगळे भिंतीकडे बघतात आणि पायाखालच्या पोकळीचं नाव कुणी काढत नाही.

जेवताना फुलपात्रातलं पाणी थरथरल्यासारखं वाटलं. माझा घास हातातच राहिला. काच शाबूत होती.

"मावशी, तडकली तर लगेच कळवशील ना त्यांना?"

तिने ताकाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"कळवीन की," ती म्हणाली, "घर तेवढा वेळ उभं राहिलं तर."