पुळणीवरचं गोल्फ

कोकणातल्या आमच्या मिठबावात कुणासमोर 'गोल्फ' हा शब्द काढू नका. काढलात तर जेवूनच परत जाल! एक किस्सा संपतोय न संपतोय, तोच दुसरा त्याचं शेपूट धरून येतो. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. त्यामुळे खेळलोही आणि खेळण्यापेक्षा जास्त हसलोही.

ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे आबा. मुंबईच्या एका गोल्फ क्लबात त्यांनी हिरवळ राखायची नोकरी केली. साहेब लोक विलायतेला निघाले, तेव्हा त्यांनी टाकलेल्या काठ्या आणि पिशवीभर बॉल घेऊन आबा गावी परतले. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, उंबऱ्यातच कपाळावर हात मारला. "लोकांचे घोव मुंबैसून ट्रंका हाडतत. आमचे काठये घेवन इले!"

लवकरच आबांनी पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, टूर्नामेंट जाहीर केली. तीही 'प्रोफेशनल'! बक्षीस एक कोंबडा.

"बक्षीस घेतलस काय तू प्रोफेशनल," आबांनी समजावलं. "फुकट खेळता तो हौशी."

पहिल्या वर्षीच्या विजेत्याने दुसऱ्याच दिवशी कोंबडा खाल्ला आणि तो पुन्हा हौशी झाला.

*

फटका मारण्याआधी 'फोर!' असं ओरडायचं, म्हणजे पुढची माणसं बाजूला होतात, असं आबांनी शिकवलं. आम्ही घसा फाडून ओरडलो. पुळणीवर सुकट वाळवणाऱ्या बायकांना ऐकू आलं, 'पोर!'

टोपल्या टाकून सगळ्या धावल्या. "खंय गेला पोर? कोणाचा गो?" प्रत्येकीने आपापलं पोर बखोटीला धरून माडांखाली नेलं. बघता बघता पुळण मोकळी!

आबा खूश. "साहेबाच्या फोरापेक्षा आमचो फोर बरो!"

*

बॉल घालवायचा आमचा होल म्हणजे वाळूत पुरलेली करवंटी. पण पुळणीवर कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं काय कमी? बस्त्याव माझ्याच शाळेत इंग्रजी शिकवायचा. त्याचा पहिलाच फटका एका बिळात गेला आणि तो नाचायलाच लागला. "होल इन वन! एकाच फटक्यात होल!"

"हो कुर्लेचो होल," आबा म्हणाले.

"होल कोणी खणूचो, ता नेमात खंय आसा?" बस्त्याव इरेला पेटला.

वाद चांगलाच रंगला. तेवढ्यात आतल्या कुर्लीने बॉल बाहेर ढकलला.

"घे," आबा म्हणाले, "तिनाच निकाल दिल्यान!"

*

गोपाळ तांडेल हा रापणीचा म्होरक्या. समुद्रात मोठा वळसा घालून रापणीचं जाळं सोडायचं आणि अख्ख्या गावाने दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढायचं. करवंट्यांसाठी खणलेल्या आमच्या खड्ड्यांत त्याच्या माणसांचे पाय मुरगळत, म्हणून गोल्फचं नाव काढलं तरी त्याचं डोकं फिरे.

आबांचा एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता. "बॉल जंय पडलो, थंयसूनच मारूचो." एकदा माझा बॉल नेमका गोपाळच्या होडीत पडला. मी आत उतरलो. फटका मारला की बॉल फळीवर आपटून पुन्हा पायाशी! गोपाळ शेजारी बसून फाटलेलं जाळं सांधत होता. त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"गुरुजी, होडी गोव्याक पोचात, तरी तुमचो बॉल आतच रवतलो!"

*

बॉल एकेक करून हरवत गेले. कुणाचा माडांत, कुणाचा खाडीत. नवे पाठवायला मुंबईत आबांच्या ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. गोवा मोकळा झाला, त्याच्या पुढच्या टूर्नामेंटला पिशवीत एकच बॉल होता. तो गेला की खेळ कायमचा बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फायनलला बस्त्यावने फटका मारला, वाऱ्याने बॉल उचलला आणि थेट समुद्रात नेऊन टाकला.

आबा वाळूतच बसले. "माका वाटलेला, मी गेल्यार निदान हो खेळ तरी रवतलो," एवढंच म्हणाले. बस्त्याव रडवेला झाला. गोपाळ लांब उभा राहून हे सगळं बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली. दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो, म्हणून आम्हीही हात लावला. आबासुद्धा आले, पण खाली मान घालून ओढत होते. जाळं वर आलं. पुळणीवर बांगड्यांचा हा ढीग! आणि त्या ढिगात अडकलेला पांढरा बॉल!

बस्त्याव उचलायला धावला. टोपल्या घेऊन बायकाही पुढे सरसावल्या. पण गोपाळ तांडेल दोन्ही हात पसरून ढिगासमोर उभा राहिला.

"मासळीक कोणी हात लावू नको! आबानू, काठी हाडा. बॉल जंय पडलो, थंयसूनच मारूचो!"