रुंद चवडे

"माहीत नाही, मार्शलसाहेब!" काहीही विचारा, साहेबांचे पहिले उत्तर हेच. एक हात छातीवर, चेहरा बावळा. खरे उत्तर त्यानंतर. वाक्य मराठीत स्टोअर सांभाळणाऱ्या दाऊदभाईंनी शिकवले होते. बाकी बोलणे इंग्रजी-हिंदीत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात, एका वर्कशॉपमध्ये, आम्ही एकाच टेबलावर नकाशे तपासत असू. साहेब अमेरिकेतल्या युटाचे, मॉर्मन पंथाचे. चहा-कॉफी वर्ज्य. मला माझ्या नकाशावर कोणी पेलाही ठेवलेला खपत नसे; कडकपणात मी पुढे, असा माझा समज होता.

त्यांच्या मापाचे सेफ्टी शूज कधी मिळत नसत. रत्नागिरीचे दाऊदभाई म्हणत, "साहेब, पाय आहेत की होड्या?"

मार्शल कोण, हेही दाऊदभाईंनीच काढून घेतले. साहेबांच्या पणजोबांना तीन बायका होत्या. त्या काळी पंथात ते चाले. सरकारला चालत नसे. सरकारचे अंमलदार, म्हणजे मार्शल, धाडी घालत, नवऱ्यांना तुरुंगात टाकत. म्हणून धाकटीला दुसऱ्या गावी लपवले आणि तिच्या मुलीला पढवले: बापाचे नाव विचारले, तर म्हणायचे, माहीत नाही. ती मुलगी म्हणजे साहेबांची आजी. धाडी थांबल्या, बाप वारला. आजी म्हातारपणीही तेच म्हणे. थोरलीच्या वंशजांनी वंशावळ छापली, तीत आजी नव्हती. साहेब दरवर्षी पत्र लिहीत. उत्तर येई: पुरावा पाठवा.

"आमच्यात चार चालतात," दाऊदभाई म्हणाले, "पण माझी एकटीच दहा मार्शलांना भारी आहे."

साहेब हसले. "इथं प्रत्येक फॉर्म बापाचं नाव विचारतो. आजी विमानतळावरूनच परत गेली असती."

दोनेक वर्षांनी थोरलीच्या एका पणतीचे पाकीट आले. आत थोरलीच्या रोजनिशीतले एक पान. आजीचे नाव लिहून पुढे: "धाकटीच्या या मुलीला बूट पाठवले, ते दोनदा परत आले. चवडे रुंद, अगदी ह्यांचे." सोबत चिठ्ठी: पुढच्या छपाईत आजीला घेऊ.

साहेबांनी पान मला दिले, बूट-मोजे काढले आणि दोन्ही पाय टेबलावर ठेवले. माझ्या नकाशावर. मी नकाशा तसाच राहू दिला.

दाऊदभाईंनी विचारले, "मग साहेब, आजीच्या वडिलांचं नाव काय?"

हात छातीवर गेला. या वेळी मार्शल मध्ये आला नाही. साहेबांनी नाव सांगितले, सावकाश, आडनावासकट.

पुढे ते मायदेशी गेले. त्यांच्यासाठी मुद्दाम मागवलेली रुंद जोडी महिन्याने आली. दाऊदभाईंनी ती मागच्या फळीवर, हेल्मेटांच्या आड ठेवली. कोणी विचारले, ही कोणाची, तर ते हात छातीवर ठेवत.

"माहीत नाही, मार्शलसाहेब!"

मला माहीत होते. मीही कोणाला सांगितले नाही.