व्याह्यांच्या घरात ऐकलेलं

धुळ्याच्या देवपुरात जाऊन कोकिळा देवरे कुठे राहतात असं विचारलंत तर माणसं जरा विचारात पडतील. आरडीवाली अक्का म्हणालात तर हातातलं काम टाकून दारापर्यंत आणून सोडतील. पोस्टाची आरडी घरोघरून गोळा करायची आणि पोस्टात नेऊन भरायची, हे कोकिळाअक्कांचं काम. नवरा एसटीच्या वर्कशॉपात होता. तो नोकरीत असतानाच गेला, आणि मग या कमिशनवरच त्यांनी एकुलत्या हर्षालीला बी.कॉम. केलं, जळगावला दिलं, लग्नात कोणाला नाव ठेवायला जागा ठेवली नाही.

महिन्याच्या सुरुवातीला उन्हं चढायच्या आत त्या कापडी पिशवी खांद्याला अडकवून निघायच्या. कोणाच्या ओट्यावर टेकायचं, कोणाच्या मागच्या दाराने जायचं, हे सगळं डोक्यात. मागचं दार अशासाठी, की कितीतरी बायकांची आरडी सासूला ठाऊक नसे, काहींची तर नवऱ्यालाही. सासू समोर बसलेली असली की अक्का म्हणायच्या, "सुई-दोरा मागायला आले होते." कसलं कारण ते; पण सासू हसायची आणि विषय बुडायचा. अक्कांच्या तोंडून एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात कधी गेली नाही. बायका पैशांपेक्षा या तोंडावर विश्वास टाकायच्या. अक्कांनाही त्याचा अभिमान होता.

शेअरची गोष्ट सुरू झाली ती हर्षालीच्या लग्नातून. तिचे सासरे रुपचंदभाऊ जळगावच्या एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात सुपरवायझर. लग्नाच्या पंगतीला त्यांनी रंगीत, फुलाफुलांच्या नव्या चटया पाठवल्या होत्या. त्यांच्यावर 'ओसरी' असं नाव विणलेलं होतं. पुढे त्याच नावाची कंपनी शेअरबाजारात आली. तोवर गल्लीत घरोघरी मोबाइलवर शेअर घेणारी मुलं झाली होती. कोणीतरी अक्कांना विचारलं, "अक्का, ओसरी म्हणजे तुमच्या व्याह्यांचीच ना?"

अक्का म्हणाल्या, "त्यांच्या हाताखालूनच निघते की चटई."

एवढंच म्हणाल्या. घ्या असं म्हणाल्या नाहीत, घेऊ नका असंही नाही. पण आपल्याकडे माणूस भाव विचारण्याआधी 'कोणाचे पाव्हणे?' हे विचारतो. पाव्हणे ओळखीचे निघाले की पुढचं सगळं माफ. कंपनीचा हिशेब कोणी वाचला नाही. अक्कांचे व्याही तिथे आहेत, हाच हिशेब. पंधरा-वीस घरांनी जमेल तसे शेअर घेतले. अक्कांनीही घेतले. पलीकडच्या गल्लीतल्या अमिनाबीने साड्यांना फॉल-पिको करून साठवलेले सगळेच पैसे त्यात घातले. तिच्या घरावर अजून पत्रे होते. उन्हाळ्यात आत बसवत नसे. पत्रे काढून स्लॅब टाकायचा, हे तिचं आणि तिच्या लेकीचं, तहरीमचं, स्वप्न.

भाव चढला. अमिनाबीची आणि अक्कांची मैत्री जुनी, शिलाई मशीन आणि आरडी या दोन्हींपेक्षा जुनी. अमिनाबी थट्टेने म्हणायची, "अक्का, माझा अर्धा स्लॅब तुझ्या व्याह्याने टाकला बघ."

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हर्षालीला माहेरी आणायला अक्का स्वतः गेल्या. लेकीला सणाला आणायला मुऱ्हाळी म्हणून भावाने जायचं असतं. हर्षालीला भाऊ नाही. तिच्या लग्नापासून मुऱ्हाळी अक्काच.

व्याह्यांकडे आमरस झाला, कुरडया झाल्या. विहीणबाईंनी खापरावरचे मांडे वाढले. अक्का हात धुऊन उठत होत्या तेवढ्यात रुपचंदभाऊ दारात. कामाची वेळ, आणि हा माणूस चपला काढून घरात.

"आज लवकर, भाऊ?"

"लवकर कसलं, विहीणबाई. दोन पाळ्यांची एक झालीय. तीही कशीबशी. शेठ मशीनं विकायला गिऱ्हाईक शोधतायत." ते खाली बसले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि मग म्हणाले, "तुम्ही घरच्या म्हणून बोललो. बाहेर नको. कामगारांना कळलं तर उद्याच गेटवर बोंबाबोंब, आणि शेठ पहिलं माझं नाव घेतील."

अक्का म्हणाल्या, "माझ्या तोंडून नाही जायचं."

त्यांना असं म्हणण्याची इतकी सवय होती की शब्द आपोआप आला. लेकीच्या सासरी ऐकलेलं माहेरच्या वेशीत आणायचं नाही, हेही त्यांच्या आईनेच शिकवलेलं. परतीच्या बसमध्ये हर्षाली खिडकीशी डुलक्या घेत होती आणि अक्कांच्या मनात मात्र एक-एक दार उघडत होतं. या घरचे पैसे, त्या घरचे पैसे. मशीनं विकली तर चटई कुठून येणार, हे कळायला बी.कॉम. लागत नाही.

सणाच्या आदल्या दिवशी अमिनाबी आली. अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधलेला, हर्षाली आणि शेजारच्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. अक्का पुरण वाटत होत्या.

"अक्का, मिस्त्री मोकळा झालाय. म्हणतो पावसाआधी स्लॅब टाकून देतो. शेअर विकून टाकू का? का अजून चढेल?"

अक्कांचा हात पुरणावर थांबला. हो म्हणायचं होतं, विक म्हणायचं होतं. एवढाच शब्द होता, कारण सांगायचीही गरज नव्हती. पण अमिनाबी कारण विचारल्याशिवाय राहणारी नव्हती, आणि अक्कांना तिच्याशी खोटं बोलता येत नव्हतं. झोक्यावर हर्षाली होती.

"सण होऊ दे," त्या म्हणाल्या. "मग बघू."

"तू म्हणशील तसं," म्हणत अमिनाबीने वाटीतलं पुरण चाखलं. "गूळ कमी पडलाय."

सण झाला. हर्षाली सासरी गेली. आणि त्याच आठवड्यात कारखान्याला कुलूप लागलं.

बातमी आधी मोबाइलवर आली. संध्याकाळी अक्कांच्या ओट्यावर माणसं जमली. तहरीमने कंपनीचं निवेदन वाचून दाखवलं: उत्पादन भागीदाराचा जळगाव येथील कारखाना बंद झाल्याने पुरवठा काही काळ खंडित होईल.

"भागीदार म्हणजे कोण?" कोणीतरी विचारलं.

"म्हणजे कारखाना कंपनीचा नव्हताच," तहरीम म्हणाली. "कंपनी पुण्याची. चटया दुसऱ्याकडून करून घ्यायची आणि आपलं नाव लावायची."

"मग आपण काय विकत घेतलं?"

"नाव."

वना आबा कोपऱ्यात तंबाखू मळत बसले होते. गिरणीतून निवृत्त झालेला हा म्हातारा अहिराणी सोडून दुसरं बोलत नाही. ते म्हणाले, "नाव ते मन्हा बापनं बी मोठं व्हतं. त्याना शेअर कोन लेई?"

माणसं हसली, पण ते हसू लगेच विरलं. दुसऱ्या दिवसापासून बाजार उघडला की भाव खाली जायचा आणि विकायला काढले तरी घेणारा कोणी नसायचा. कोणी म्हणे दुसरा कारखाना मिळेल, धीर धरा. कोणी कंपनीला फोन लावी, तिकडे गाणं वाजे. एक जण तर सरळ भांडायलाच उठला, तेव्हा बाकीच्यांनी त्याला दाबलं. "अक्कांवर कशाला आवाज चढवतो? त्यांचेही तेवढेच अडकलेत. त्यांना तरी काय माहीत?"

अक्कांना हे सर्वांत जास्त लागायचं. खरंच त्यांनी आपले विकले नव्हते. आपण विकून मोकळं व्हायचं आणि बाकीच्यांना बुडू द्यायचं, हे पाप होईल असं त्यांनी तेव्हा मनाला सांगितलं होतं. पण त्याच्या खाली दुसरंही एक होतं, ते त्यांना आता स्वच्छ दिसत होतं. अक्काने विकले असं गल्लीला कळलं असतं तर गल्लीने का म्हणून विचारलं असतं. आपले पैसे बुडवून त्यांनी आपलं गप्प बसणं झाकलं होतं. आणि लोकांना त्याचंच कौतुक.

त्यांचं जेवण सुटलं. ते अमिनाबीला कळलं. ती डब्यात खिचडी घेऊन आली, समोर बसून राहिली. "खा. पैसे माझे गेले आणि तोंड तुझं उतरलंय. पत्र्याखाली इतकी वर्षं काढली, अजून काढीन."

अक्कांनी दोन घास खाल्ले. घास गिळताना वाटलं, ही शिव्या देईल तर बरं.

मग वना आबांनीच काढलं, "मानूस मरस तं आपन तोंड देखाले जातस. कारखानानं बी तोंड देखी येऊत." अक्का नको म्हणू शकल्या नाहीत. पारोळा-एरंडोलवरून जळगावला जाणाऱ्या बसने तिघं निघाली: आबा, अमिनाबी आणि अक्का.

एमआयडीसीतल्या त्या गेटवर मोठं कुलूप. बाजूला ताडपत्री बांधून कामगार बसलेले. आबांनी पुढे होऊन ऐटीत सांगितलं, "आमी शेअरवाला शेत."

एक कामगार म्हणाला, "शेअरवाल्यांनी पुण्याला जायचं, आबा. इथं पगारवाले बसलेत. पण ऊन फार आहे, बसा. चटई तेवढी आहे."

त्यांनी नवीकोरी चटई पसरली. 'ओसरी' या अक्षरांवरच तिघं टेकली. कामगारांत रुपचंदभाऊ होते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. अक्कांना पाहून ते उठले, पाणी मागवलं.

अमिनाबीने पदर सारखा केला. "भाऊ, तुम्ही आतले माणूस. राग नका मानू, पण तुम्हाला आधी चाहूल लागली असेल ना?"

रुपचंदभाऊंनी अक्कांकडे पाहिलं. तेवढं एकदाच. मग गेटकडे बघत म्हणाले, "नाही हो ताई. सकाळी आलो तर कुलूप. आम्हालाही त्याच दिवशी कळलं."

झालं होतं. व्याह्यांनी स्वतःबरोबर अक्कांनाही झाकून टाकलं होतं. अक्कांनी फक्त पाण्याचा पेला तोंडाला लावायचा होता. अमिनाबीने मान हलवली होती, तिला पटलंही होतं. तिची ती हललेली मान अक्कांना बघवली नाही.

"आखाजीच्या आधी," अक्का म्हणाल्या. "मी हर्षालीला न्यायला आले तेव्हा भाऊंनी मला सांगितलं होतं."

आबांची तंबाखू हातातच राहिली. रुपचंदभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "विहीणबाई, ते घरातलं बोलणं होतं."

"हो भाऊ. म्हणूनच गप्प बसले."

शेजारच्या दोन कामगारांनी माना वळवल्या होत्या. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, रुपचंदभाऊ?" त्यांतला एक म्हणाला. अक्कांना कळलं, आपण एका घरचं ओझं उतरवताना दुसऱ्या घरावर टाकलं. पण शब्द आता परत घेता येणार नव्हता.

अमिनाबी चटईकडे बघत होती. "मी विचारायला आले तेव्हा तू पुरण वाटत होतीस," ती म्हणाली.

"तेव्हा माहीत होतं."

"अच्छा."

आबा उठले, धोतर झटकलं. "चाला व माय. गाडी चुकी जाई."

बसमध्ये अमिनाबी आबांच्या शेजारी बसली. अक्का मागे एकट्या. पारोळ्याला बस थांबली तेव्हा हर्षालीचा फोन आला.

"आई, सासरेबाबा जेवले नाहीत. कामगारांनी त्यांना तिथून उठवून दिलं. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत. तू का बोललीस गं? ते तर तुझ्यासाठी खोटं बोलले होते."

"म्हणूनच बोलले," अक्का म्हणाल्या. "मी उद्या येते. भाऊंच्या पाया पडते."

"उद्या नको येऊस," हर्षाली म्हणाली. "थोडे दिवस नको."

धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर आबा पान खायला टपरीकडे वळले. अमिनाबी थांबली. अक्कांना वाटलं, आता बोलेल. आता ओरडेल.

"तुला वाटतंय मी भांडावं," अमिनाबी म्हणाली. "भांडले की तुला हलकं वाटेल. ते मी नाही करणार, अक्का."

अक्का एक पाऊल पुढे आल्या.

"माझी आरडी आता तहरीम भरेल. तू नको येत जाऊस." तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "आणि गल्लीतल्या बाकीच्यांना तू सांगशील का मी सांगू? अजून सगळे म्हणतात, अक्काला काय माहीत. मला ते आता ऐकवणार नाही."

"मी सांगते."

"आजच सांग. उद्या तुला सण आठवेल."

अमिनाबी रिक्षात बसून गेली. अक्का पायीच निघाल्या. पांझरेच्या पुलावरून जाताना ऊन तोंडावर येत होतं. घराकडे वळायच्या ठिकाणी त्या वळल्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर होतं, त्याची कडी त्यांनी वाजवली.

दार उघडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर लगेच हसू आलं. "अगं बाई, अक्का? आरडीला तर अजून अवकाश आहे. या ना, आत या, पंखा लावते." तिने खुर्ची ओढली, पदराने पुसली.

अक्का खुर्चीजवळ आल्या. बसल्या मात्र नाहीत.