सहाव्या महिन्याचं बिस्किट

अन्नशास्त्र विभागात तिला सगळे स्टोअरबाई म्हणत. काचेची भांडी, रसायनांच्या बाटल्या, गाळणकागद, हातमोजे, सगळं तिच्या ताब्यात. बावीस वर्षं ती हेच करत होती आणि एवढ्या वर्षांत तिची एका गोष्टीबद्दल पक्की खात्री पटली होती: माणूस डॉक्टरेट झाला की त्याला नेलेली बाटली जागेवर आणून ठेवता येत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण विभागात नवा पदार्थ तयार झाला की तो चाखायला माणसं लागत आणि त्या वेळी जो हाताशी सापडेल त्याला ओढून नेत. स्टोअर काही उठून पळून जात नाही, त्यामुळे स्टोअरबाई हमखास सापडे. चाखण्याच्या खोलीत फळ्या ठोकून केलेले आठ कप्पे होते. कप्प्यात एक स्टूल, पाण्याचा ग्लास आणि समोरच्या झडपेतून आत सरकणारी ताटली. ताटलीत नंबर घातलेले तुकडे. अजिबात आवडलं नाही तर एक, फारच आवडलं तर नऊ, आणि खाली सही.

बाकीचे सगळे सात-सात लिहून दोन मिनिटांत मोकळे होत. कशाला कुणाचं मन मोडा, आणि तिकडे चहा निवतो. हिला ते जमत नसे. तिच्या जिभेला तडजोड म्हणून ठाऊकच नव्हती.

त्याचा खरा ताप घरी नवऱ्याला. तो बसच्या गॅरेजात मेकॅनिक होता. दुपारीच सुटायचा म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक त्याच्याकडे. सूप समोर ठेवून तो कमरेवर हात देऊन उभा राही.

"बोल. नऊपैकी किती?"

"गाजर जुनं आहे."

"आजच आणलंय!"

"तू आज आणलंस. जमिनीतून कधी निघालं ते विचारलंस?"

"गिळ गं बाई मुकाट्याने," तो म्हणे, आणि स्वतः दोन वाट्या संपवी.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी एका बेकरी कंपनीने विभागाला जवसाच्या बिस्किटांचं काम दिलं होतं. बिस्किट पाकिटात किती दिवस चांगलं राहतं, एवढंच शोधायचं. कंपनीला पाकिटावर 'सहा महिने' छापायचं होतं आणि विभागप्रमुखांना कंपनीला खूश ठेवायचं होतं. प्रत्यक्ष राबायला होते मास्तर. चाळिशी उलटल्यावर शाळेतली नोकरी सोडून डॉक्टरेट करायला आलेला हा गृहस्थ, कपाळ रोज थोडं थोडं मागे सरकत चाललेलं, चेहऱ्यावर कायम परीक्षेला बसल्याचा भाव.

दर दोन महिन्यांनी पाकीट फोडून चाखायचं. दुसऱ्या महिन्यात स्टोअरबाईने आठ दिले. चौथ्या महिन्यात सहा. सहाव्या महिन्यात तिने तुकडा तोंडात टाकला आणि तसाच कागदी रुमालात काढला. खिडकीच्या चौकटीला नुकता तेलाचा रंग दिल्यासारखा वास थेट नाकात चढला होता. तिने दोन लिहिले, शेजारी 'खवट' असं लिहून त्याखाली रेघ मारली, सही केली आणि स्टोअरमध्ये येऊन बसली.

तासाभराने प्रमुखांचं बोलावणं.

"बाई, बसा. अहो, सातही जणांनी सात दिलेत. तुमचे दोन!"

"मग त्या सात जणांना बोलवा ना. मला काय विचारता?"

"प्रयोगशाळेत तेल तपासलंय. आकडा अगदी खाली आहे. म्हणजे तेल उत्तम."

"आकड्याने बिस्किट खाल्लं का, सर?"

प्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा, एकच नोंद अशी बाजूला पडली तर ती गाळता येते. पण मग अहवालात कारण द्यावं लागतं. त्यापेक्षा तुम्ही नवीन कागद भरून दिलात तर..."

"म्हणजे मी थुंकलेलं बिस्किट मला आता परत आवडायला हवं?"

"तसं नाही हो."

"तसंच आहे, सर."

ती उठली. रागाने तिचे कान तापले होते. खरं तर तिला कंपनीशी काही देणंघेणं नव्हतं आणि बिस्किटाशी तर त्याहून नव्हतं. पण बावीस वर्षं चहा थांबवून, पोट बिघडवून या लोकांचे चिवट केक आणि कडू सरबतं चाखायची, आणि खरं लिहिलं की 'नवीन कागद भरा'? मग विचारता कशाला? घाला सात आणि व्हा मोकळे!

जिन्यात मास्तर भेटले. त्यांना तिने तिथेच गाठलं.

"मास्तर, नव्या घाण्यातलं बिस्किट आणि ते सहा महिन्यांचं, दोन्ही दळून पूड करा. तीन वाट्या ठेवा. दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कुठली ते मी सांगते. दहा वेळा ठेवा. चुकले तर सात लिहून देते, वर माफी मागते."

"पण सर..."

"सरांना शेजारच्या कप्प्यात बसवा."

प्रमुखही कटकट संपावी म्हणून तयार झाले. रंगावरून ओळखू नये म्हणून खोलीत लाल दिवा लावला. झडप दहा वेळा उघडली, दहा वेळा मिटली. स्टोअरबाई दहाच्या दहा वेळा बरोबर निघाली. प्रमुखांना तीन जमले.

"मला तर सगळ्या वाट्या सारख्याच लागतात," ते कुरकुरले.

"म्हणून तर तुम्हाला ती बिस्किटं चालतात, सर," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

आता आकड्याचं कोडं मास्तरांच्या मानगुटीवर बसलं. दोन दिवस त्यांनी जुनी वही उलटसुलट चाळली. चौथ्या महिन्यात तोच आकडा बराच वर गेलेला होता. तेव्हा सगळ्यांनी 'काहीतरी मोजायला चुकलं' म्हणून त्याच्याकडे काणाडोळा केला होता. चूक नव्हती ती. तेल बिघडायला लागलं की त्यात नवी द्रव्यं तयार होतात आणि ती मोजणारा तो आकडा चढतो. फारच बिघडलं की वाढलेली द्रव्यं मोडतात, त्यांची वास मारणारी दुसरी द्रव्यं होतात आणि आकडा साळसूदपणे खाली येतो. मास्तरांनी मग दर खेपेला गोठवून ठेवलेल्या तुकड्यांवर त्या वासाच्या द्रव्यांचीच चाचणी केली. ती चौथ्या महिन्यापासून सरळ वर चढत गेली होती.

ते धावतच स्टोअरच्या खिडकीशी आले. "बाई, तुमचं बरोबर होतं!"

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडे माझी दोन चंचुपात्रं आहेत, ती आणा आधी."

अहवालात 'चार महिन्यांच्या आत खावे' असं गेलं. कंपनीचे साहेब आले, गोड बोलले, सगळ्यांशी हात मिळवले आणि पुढचं काम दुसऱ्याच संस्थेला दिलं. प्रमुखांनी त्यानंतर कित्येक आठवडे स्टोअरबाईशी तोंडाने बोलणं टाळलं. काही हवं असलं की चिठ्ठी. मग एक दिवस चिठ्ठीऐवजी कार्यालयाचं पत्र आलं: यापुढे चाखणाऱ्या सर्वांना रीतसर शिकवलं जाईल आणि ते काम स्टोअर सांभाळून स्टोअरबाई करतील.

"घ्या!" पत्र नवऱ्यापुढे आपटत ती म्हणाली. "खरं बोलले त्याची ही शिक्षा."

"त्या सात जणांना झाली शिक्षा," नवरा म्हणाला. "मी भोगतोय ना."

पहिल्याच दिवशी सातांपैकी तिघांना पाण्यातलं मीठ आणि लिंबू यांतला फरक सांगता आला नाही. तिने डोक्याला हात लावला, पण सोडलं नाही कुणालाच. चारेक महिन्यांत सात-सात लिहिणारी ती मंडळी तीन आणि चार लिहायला लागली आणि विभागातले संशोधक तिच्या नावाने बोटं मोडायला लागले.

मास्तरांचा प्रबंध पुढल्या वर्षी पुरा झाला. बांधलेल्या पाच प्रती घेऊन ते स्टोअरच्या खिडकीशी आले, त्यातली एक तिच्या पुढे ठेवली. त्या दहा वाट्यांवर अख्खं प्रकरण होतं. तिने उभ्याउभ्याच वाचायला घेतलं.

"हे 'चाखणारा क्रमांक पाच' कोण?"

"तुम्हीच. नाव घालायचा नियम नाही."

"तेवीस वर्षं झिजले आणि मी क्रमांक पाच!" ती धुसफुसत पुढे वाचत राहिली. मग एका तक्त्यावर तिचं बोट थांबलं. "मास्तर, इथे 'खवट'चं 'खारट' झालंय."

मास्तरांचा चेहरा उतरला. "छापून झालंय हो, बाई. कोण बघणार आहे?"

"मी बघितलं ना," ती म्हणाली.

तिने स्टूल पुढे सरकवलं, काळं पेन दिलं. मास्तर खाली मान घालून एकेक प्रत दुरुस्त करत बसले आणि ती प्रत्येक पान वाळेपर्यंत धरून राहिली.