तंबूत कर्णा आला

माणसाने माणसाचा हेवा करावा, ते एक वेळ शोभतं. मी पत्र्याच्या कर्ण्याचा हेवा केला, आणि तोही मनापासून.

आमचा सिनेमाचा तंबू नगर जिल्ह्यात फिरायचा. कधी भिंगार, कधी संगमनेर, मधे कुठे जत्रा लागली तर तिथे. शहरात बोलपट कधीच रुळले होते, पण आमच्या मालकांकडे चाळीस सालानंतरही जुनीच मुकी रिळं होती. त्या मुक्या चित्रांना वाचा द्यायचं काम माझं. पडद्याशेजारी उभा राहून राजाचं, राणीचं, राक्षसाचं, सगळ्यांचं बोलणं मी एकटा बोलायचो. पडदा तंबूच्या मधोमध असे. पुढे पुरुष, मागे बायका. मागून चित्र उलटं दिसे. राजा डाव्या हाताने तलवार चालवी आणि पडद्यावरची अक्षरं तर वाचताच येत नसत. त्यामुळे बायकांची सारी भिस्त माझ्यावर.

माझी बायको केडगावची. लग्नाआधी तिने मला पाहिलं नव्हतं, पडद्यामागे बसून नुसतं ऐकलं होतं. माझं स्थळ गेलं तेव्हा तिने आवाजावरच होकार दिला, हे खुद्द सासूबाईंनी मला सांगितलं. तेव्हापासून मी हवेतच होतो.

मग लढाईच्या दिवसांत मालकांनी कुठून तरी बोलणारं मशीन पैदा केलं. तंबू तेव्हा भिंगारला होता. मला म्हणाले, "तुम्ही आता दारावर उभे राहा, तिकिटं फाडा." त्याचा आवाज ज्यातून यायचा तो कर्णा ठेवला पडद्यामागे, म्हणजे थेट बायकांच्या पुढ्यात. माझी बायको रोज येऊन त्याच्या समोर बसायची. एकच खेळ तिने आठ दिवस पाहिला. भाकरी थापताना तिचे ओठ हलत असायचे. मी आत आलो की थांबायचे. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

"तो नायक खरा टकला हाय," मी एकदा ठोकून दिलं.

"असू द्या की," ती म्हणाली. "बोलतो किती ग्वाड!"

त्या दिवसापासून खेळ सुरू झाला की मी तंबूपासून लांब जाऊन पान खात बसू लागलो. त्या कर्ण्याचा एक शब्द कानावर पडू द्यायचा नाही, असं ठरवूनच टाकलं.

एका बाजाराच्या दिवशी खेळ निम्म्यावर आला आणि कर्णा मुका झाला. चित्र चालू, आवाज बंद. लोक शिट्ट्या मारायला लागले. मालक धावत माझ्याकडे आले. "चला, सांभाळून घ्या!" खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. पान थुंकून मी पडद्याशेजारी जाऊन उभा राहिलो. नायक लढाईला निघाला होता आणि उंबऱ्यात बायकोचा निरोप घेत होता. असे निरोप मी शेकड्याने घेतले होते. छाती भरून म्हणालो, "प्रिये, अश्रू ढाळू नकोस! शत्रूला लोळवून मी परत येईन!"

पुढची माणसं हसली. एकजण ओरडला, "आरं, तो आसं न्हाई म्हनत! आमी रोज ऐकतोय!"

माझं बोलणं चुकलं, असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मुक्या चित्रात मी म्हणेन तेच नायक म्हणायचा. इथे तो काय म्हणतो हे तंबूतल्या पोरासोरांना ठाऊक, आणि मी रागापायी एकदाही ऐकलेलं नाही.

तेवढ्यात पडद्यामागून हळू आवाज आला, "दिवा लावून ठेव. उजेड दिसला, की माझी वाट चुकायची नाही."

आवाज माझ्या बायकोचा होता. मी तिच्यामागून ते वाक्य म्हटलं. तिने पुढचं सांगितलं, मी तेही म्हटलं. रीळ संपेपर्यंत ती सांगत राहिली. एक शब्द अडखळला नाही की कुठला उसासा चुकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या कर्ण्याला लाथ घालावीशी वाटली.

घरी जाताना मी विचारलं, "माझ्या जुन्या खेळांतलं एखादं वाक्य आठवतं का गं?"

बाजारपेठ संपेपर्यंत ती आठवत राहिली.

"तुमी रोज निराळंच बोलायचा," ती शेवटी म्हणाली. "त्यातलं कोनतं धरून ठिवायचं?"