तिसऱ्या लग्नाचा नवरदेव

जगात खोटं बोलणारी माणसं रगड आहेत. पण एकदा खोटं बोलून गेल्यावर ते घाम गाळून खरं करून दाखवणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा मावसभाऊ आहे. हा वालूरचा. सिनेमात कामं करायचा. आमच्या खानदानात मी पहिला बी.ए. आणि तो पहिला नट, दोन्ही गोष्टी एकाच साली झाल्या. मिरवणूक मात्र त्याची निघाली. हलगीवाल्याच्या मागं मी माझ्या डिग्रीची सुरनळी बगलेत धरून चाललो होतो आणि लोक मला विचारत होते, “काय भाऊ, हिरोचं अ‍ॅग्रीमेंट का हो ते?”

त्याच्या खोट्याची सुरुवात झाली ती एका साप्ताहिकामुळं. सिनेमाच्या पानावर नव्या नटांची माहिती यायची. उंची, जन्मगाव, छंद. यानं बसल्या बैठकीला छंद लिहून दिले : पोहणे, घोडेस्वारी, वाचन. अंक वालूरला आला आणि गाव हसून बेजार झालं. हा मनुष्य विहिरीत डोकावायचा तरी दुसऱ्याचं मनगट धरून डोकावायचा. दुसरा कुणी असता तर महिनाभर तोंड लपवून बसला असता. हा दुसऱ्या दिवशी पाठीला रिकामा डालड्याचा डबा बांधून विहिरीवर हजर. मी म्हटलं, “अरे, कुणी बघायला येणार हाय का?” तर म्हणाला, “छापून आलंय आता. शिकावं लागंल.” पंधरा दिवस तो पाण्यात आणि आम्ही काठावर दोर धरून. सोळाव्या दिवशी डब्याचा दोर सुटला, डबा एकीकडं गेला, हा दुसरीकडं, आणि कसा कोण जाणे, हातपाय मारत पायरीला लागला. वर आल्यावर पहिलं वाक्य : “एक झालं. घोडा बघा कुणाचा हाय का.”

घोडा मिळाला तो सेलूच्या टांगेवाल्याचा. म्हणजे घोडी. ती बिचारी उभ्या आयुष्यात टांग्याशिवाय चाललेली नव्हती. याला पाठीवर घेऊन ती झोकात निघाली, पण एसटी स्टँड आलं की थांबायची, आणि चार सवाऱ्या भरल्याशिवाय जागची हलायची नाही. शेवटी टांगेवाल्याचे भाऊबंद तिच्या अंगावर हात ठेवून चहूबाजूंनी उभे राहायचे, तेव्हा कुठं तिला गाडी भरल्यासारखं वाटायचं. वाचनासाठी तो माझ्याकडं आला. माझ्याकडं होती बी.ए.ची पुस्तकं. त्यानं अर्थशास्त्राचं उचललं आणि पारावर उभं राहून मोठ्यानं वाचायला लागला. मागणी आणि पुरवठा हा धडा त्यानं असा वाचला की दोन म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. त्यातले एक मला म्हणाले, “बाबा, शेवटी त्या पुरवठ्याचं काय झालं रे?”

आता त्याच्या सिनेमांबद्दल. पहिल्या सिनेमात तो गर्दीत होता. पाठमोरा. वालूरच्या लोकांनी त्याला कानांवरून ओळखलं आणि तेवढ्यासाठी तंबूतल्या टॉकीजवाल्याला ते रीळ दोनदा दाखवायला लावलं. पुढं एका दिग्दर्शकाच्या लक्षात आलं की या पोराच्या कपाळाला मुंडावळ्या फार शोभतात. झालं, त्याला नवरदेवाची कामं मिळायला लागली. एका सिनेमात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याला साप चावतो आणि हिरॉईन विधवा होते. दुसऱ्यात हळदीच्या अंगानं मिलिटरीत जातो आणि परत येतच नाही. दोन्ही लग्नं सहा-सात मिनिटांची, पण साग्रसंगीत : भटजी, अंतरपाट, मंगलाष्टका, सगळं काही.

हे दोन्ही सिनेमे सोनपेठला लागले तेव्हा मी तिथंच शाळेत मास्तर होतो, म्हणून डोळ्यानं पाहिलेलं सांगतो. तंबूत एका बाजूला गडी माणसं, मधे कनात, दुसऱ्या बाजूला बायका. पडद्यावर मंगलाष्टका सुरू झाल्या की बायकांच्या बाजूनं पिवळ्या ज्वारीच्या अक्षता उडायच्या. त्यांनी त्या घरूनच पदरात बांधून आणलेल्या असत. लग्न लागत असताना हात जोडून नुसतं बसून राहणं आमच्याकडं कुणाला जमत नाही.

मी राहायचो त्या घरमालकांची मुलगी लग्नाची होती. मॅट्रिक झालेली, कामाला चटपटीत, आणि बोलण्यात माझ्यासारख्या बी.ए.लाही दोनदा विचार करायला लावणारी. मी मावसभावाचं स्थळ सुचवलं. पाहण्याचा कार्यक्रम झाला. पोहे खाऊन झाल्यावर मुलीच्या वडलांनी रीतीप्रमाणं विचारलं, “तुला काई इचारायचं का गं?” आमच्याकडच्या मुली अशा वेळी मान हलवून आत जातात. ही म्हणाली, “पवता येतं म्हणून छापलं होतं. खरंच येतं का?”

हा प्रामाणिकपणे म्हणाला, “यंदापासून येतं.”

ती पदर तोंडाला लावून आत गेली. आणि हा पठ्ठ्या तेवढ्यात असा गुंतला की परतताना मला म्हणाला, “दादा, हीच. दुसरी दाखवू नको. ही न्हाई म्हणली तर मी जन्मभर पडद्यावरच लग्नं करीन.”

ती कशाला नाही म्हणते? नाही म्हणाली तिची आत्या. या बाई लहानपणी विधवा होऊन भावाकडं आलेल्या, आणि त्या घरात त्यांच्या शब्दापुढं देवाचाही शब्द चालत नसे. मला ओसरीवर बोलावून त्या म्हणाल्या, “मास्तर, पोरगं ग्वाड हाय. पण दोन लग्नं झालेल्याला आमी पोरगी देत न्हाई.”

मी म्हटलं, “आत्याबाई, तो सिनेमा होता.”

“भटजी व्हता का न्हवता?”

“होता.”

“मंगलाष्टका झाल्या का न्हाई?”

“झाल्या, पण...”

“पण बिण काई न्हाई. म्या सोता अक्षदा टाकल्यात. दोन्ही बारीला. माझ्या हातच्या अक्षदा खोट्या म्हणायल्यात का तुमी?”

मुलीचे वडील हसत होते, पण मिशीत. लग्न मोडलं असं धरून मी वालूरला गेलो आणि त्याला सांगितलं. वाटलं, हसेल, चिडेल. तो गंभीर झाला. म्हणाला, “बाईचं बरोबर हाय. एवढ्या माणसांनी बघितलंय. नुसतं न्हाई म्हणून कसं चालंल?” आणि तीन दिवस जेवला नाही. माझी मावशी मला शिव्या घालायला लागली, की तू एवढा शिकलास आणि तुला एक सोयरीक जमवता येईना.

शेवटी मार्ग आत्याबाईंनीच काढला. आमच्याकडं माणसाचं तिसरं लग्न वाईट मानतात. म्हणून तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावतात. म्हणजे तिसरी रुई, आणि बायको चौथी. दोष सगळा झाडावर. आत्याबाईंचा निरोप आला : पोराला रुईशी लग्न लावायला सांगा, मग आमची हरकत नाही. निरोप्या पाणी पिऊन व्हायच्या आत हा रुई शोधायला शिवारात पळाला.

बांधावर सकाळच्या उन्हात ते लग्न लागलं. रुईला हिरवं खणाचं कापड गुंडाळलेलं, समोर हा मुंडावळ्या बांधून. भटजींनी विचारलं, “आधीच्या बायकांची नावं?” हा अडखळला. म्हणाला, “सिनेमातली सांगू का खरी?” भटजी घाम पुसत म्हणाले, “जिच्याशी लागलं तिचं सांग बाबा, मला घरी जायचंय.” यानं रुईला माळ घातली, अशी नाजूक, की बघणाऱ्या बायका हळहळल्या. मग सवयीनं मागं वळून विचारलं, “ठीक झालं का, का परत करू?”

भटजी म्हणाले, “परत केलंस तर पुन्हा घोटाळा.”

पुढच्या आठवड्यात सोनपेठला खरं लग्न. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे. एसटी कधी धावेल, कधी नाही, याचा भरवसा नसायचा. म्हणून वऱ्हाड दोन ट्रॅक्टरांतून आणलं. सगळ्यांना वाटत होतं, या बाबतीत याच्याइतका तयारीचा नवरदेव मराठवाड्यात नसेल. अंतरपाट दूर झाला आणि हा माळ धरून नुसता उभा. भटजी खुणावतायत, मावशी पाठीत ढोसतीय, हा हलेना. मग नवरी अगदी हळू म्हणाली, “घाला की.” तेव्हा त्यानं माळ घातली. ती वाकडी पडली. आत्याबाई मांडवाच्या खांबाला टेकून रडत होत्या.

मी नंतर विचारलं, “काय झालं होतं रे तुला?” म्हणाला, “तिथं शूटिंगला बघायचं कुठं ते सांगतात. इथं कुणीच सांगंना. मग तिच्याकडं बघितलं, आन् सगळं इसरलो.”

त्यानंतर तो एकदाच शूटिंगला गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. पुन्हा नवरदेवाचंच काम होतं म्हणे. “परत परत माळ घालायला लावतात,” एवढंच सांगितलं, आणि बैलांना पाणी पाजायला गेला. पुढं कुणी बोलावलं नाही, यानं विचारलं नाही. मला तेव्हा थोडं वाईट वाटलं. हिरोचा भाऊ म्हणून मीही चार वर्षं मिरवलो होतो, खोटं कशाला सांगू?

मध्यंतरी आम्ही दोघं देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. शेजारचे एक गृहस्थ बराच वेळ त्याच्याकडं निरखून बघत होते. शेवटी म्हणाले, “पाव्हणं, तुमाला कुठंतरी बघितल्यासारखं वाटायलंय.”

मी सांगायला तोंड उघडलं. त्यानं माझ्या हातावर हलकेच हात ठेवला.

“इथंच बघितलं आसंल,” तो म्हणाला. “आमी इथलेच.”