डोकेदुखीची नोंद

हडपसरच्या सरकारी दवाखान्यात एक बाई सगळ्यांची नावं कॉम्प्युटरवर घेतात. त्यांचं नाव मला माहीत नाही.

माझ्या अंगावरून फार जायचं, पण रांगेत मागे पुरुष असत. म्हणून मी दरवेळी डोकेदुखीच सांगायचे.

एकदा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो ताई, यात प्रत्येक वेळी डोकंच दिसतंय. सगळ्या पुण्याची डोकेदुखी तुम्हालाच का?" मग हळूच कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दुखण्यांची यादी दाखवली. "बोलू नका, नुसतं बोट ठेवा."

मी ठेवलं. पुढे मला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनीही त्यांच्या कॉम्प्युटरवर तीच नोंद वाचून औषध दिलं. मला कुठेच तोंड उघडावं लागलं नाही.

काल त्या बाईंनी रांगेतच विचारलं, "काय ताई, डोकं कसंय?"

सगळ्यांदेखत मी मोठ्याने म्हणाले, "आता अगदी बरं आहे!"